टिकलीनं पाठ केलेलं भजन

कड्याच्या पुढं, डोंगराच्या अंगाला एक वाडी आहे. तिथं इस्तेरआत्या साळवे राहते. कागदावर एस्तेर, पण गावाच्या जिभेला ते कधी वळलं नाही. अंगणवाडीत मदतनीस म्हणून तिनं उभा जन्म काढला, त्यामुळं गावातल्या निम्म्या कर्त्या पुरुषांची नाकं तिच्याच पदराला पुसलेली. बागाईतदार मोहनराव आला की तालुक्याचे पुढारी खुर्ची सोडून उठतात, पण आत्यासमोर तोही बेतानंच बोलतो. लहानपणी सगळ्यांत जास्त नाक त्याचंच गळायचं.

आत्याच्या चुलीशेजारी पत्र्याचा डबा असतो. दळणाला ज्वारी काढली की आधी एक मूठ त्या डब्यात, मग बाकीची. ही देवाची मूठ. आजेसासूच्या काळापासून घरात चालत आलेली रीत. साठलेली ज्वारी रविवारी देवळात न्यायची. पण कोरोनाची दुसरी लाट आली, ख्रिस्ताच्या देवळाला कुलूप लागलं, पाळकसाहेब फोनवर प्रार्थना सांगू लागले, आणि इकडं डब्याला शीग लागली. देवाचा दाणा घरात खाववेना, आणि न्यावा तर कुठं?

कुंपणापलीकडं कडूबाई. धनगराची विधवा, पोरगा सोमनाथ पुण्यात अडकलेला. तिच्या शेळ्यांनी आत्याचा कढीपत्ता इतक्यांदा ओरबाडला होता की दोघींचं निम्मं बोलणं कुंपणावरून भांडताना झालेलं. त्याच कडूबाईला तापानं धरलं. तपासणीत कोरोना निघाला, बोटाला लावलेल्या यंत्रातला आकडा बघून नर्सबाईचा चेहरा उतरला, दारात गाडी आली. आता दाखल झाली नाही तर बाई हातची जाईल, असं नर्सबाईनं स्पष्ट सांगितलं. पण कडूबाई घराच्या मेढीला, त्या लाकडी खांबाला, मिठी मारून बसली. शेळ्या कोण बघणार, एवढंच तिचं पालुपद. लोक लांब उभे. त्या घरच्या शेळ्यांनाही रोग असेल, अशी कुजबुज आधीच सुरू झाली होती.

कुंपणापलीकडून आत्या म्हणाली, "मी बघते."

कडूबाईला धाप लागली होती, तरी हसू आलंच. "तू? तुला शेळीचं तोंड कुठलं न् शेपूट कुठलं, ते तरी कळतं का गं?"

"येशूला मेंढपाळ म्हणत जलम गेला माजा. थोडं तरी कळत असंल."

कडूबाई उठली, पण अट घालून. रोज फोन लावायचा आणि टिकलीचा आवाज ऐकवायचा. टिकली म्हणजे कळपाची म्होरकी, काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. "ज्या दिशी तिचा आवाज आला न्हाई, त्या दिशी मी नळ्या काढून चालत येईन," असं सांगून ती गाडीत बसली. आणि कडूबाई बोलली की करणारी बाई.

सकाळी आत्यानं शेळ्यांच्या वाडग्याचं फाटक उघडलं. शेळ्या ढिम्म. कडूबाई दाताला जीभ लावून अशी काही शीळ घालायची की पलीकडच्या शिवारातली जनावरंही मान वर करत. आत्याच्या तोंडाला मास्क, आत कवळी. मास्क खाली करून तिनं फुंकर मारली, तर शीळ राहिली बाजूला आणि कवळी पडली लेंड्यांत. ती धुऊन, पुसून, आत्या मटकन दगडावर बसली. आता काय करावं? जन्मभर जे केलं तेच केलं. भजन म्हणायला लागली. देवळातलंच, मेंढपाळाचं. टिकलीनं कान टवकारले. दुसऱ्या कडव्याला उठून उभी राहिली. आत्या गात चालू लागली आणि मागून सगळा कळप, जशी काही वरात.

पाण्याचं मात्र अडलं. कोरोनाच्या घरची जनावरं माझ्या हौदावर आणू नका, असा मोहनरावाचा निरोप आला. आत्या भांडली नाही. देवळामागच्या जुन्या आडातून दोरानं पाणी शेंदायला लागली. संध्याकाळच्या प्रार्थनेत तिनं मोहनरावाचं नाव घेतलं, पण काय मागितलं ते कुणाला सांगितलं नाही.

चूक झाली ती मायेपोटी. गुडघ्यांमुळं आत्याला डोंगर चढवेना, शेळ्या अर्धपोटी परत यायच्या. तिला एकदम डबा आठवला. शेजारणीची मुकी जनावरं, त्यांना दिलं तर देवालाच पोचलं, असं म्हणून तिनं ज्वारीचा अख्खा डबा गव्हाणीत रिता केला. टिकलीनं बाकीच्यांना शिंगं मारून हटवलं आणि जवळजवळ सगळी एकटीनं खाल्ली. दुपारपर्यंत तिची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. ती आडवी पडली, तोंडातून आवाज फुटेना.

आणि फोनची वेळ झाली.

दुसऱ्या शेळीचा आवाज ऐकवून भागलं असतं का? कडूबाई शेळीचं ओरडणं माणसाच्या बोलण्यासारखं ओळखते. आणि तसंही आत्याला खोटं बोलायला जमत नाही. तिनं घडलं ते सगळं सांगून टाकलं.

पलीकडं ऑक्सिजनच्या सूं सूं आवाजातूनच कडूबाईनं अशा शिव्या घातल्या की तिथली नर्सबाई धावत आली. कडूबाई उठून निघालीच होती, तेवढ्यात आत्या म्हणाली, "तू येईस्तोवर ती ऱ्हाणार न्हाई, कडू. तितंच बस न् मला सांग काय करू. तू सांगशील तसं करते."

कडूबाई बसली. धापा टाकत सांगू लागली. गोडं तेल आण. पुढचे पाय उंचावर ठेव. एकानं जबडा धरायचा, एकानं जरा जरा तेल पाजायचं. घाई केली तर श्वासात जाईल. एकटीचं काम न्हाई ते.

आत्यानं इकडंतिकडं बघितलं. कुंपणाबाहेर लांब, नाकाला रुमाल बांधून मोहनराव उभा होता. किती वेळचा, देव जाणे.

"मोहन्या," आत्या म्हणाली. बागाईतदार, राव सगळं गळून पडलं. "ये, धर."

आला. पांढऱ्या कपड्यांनिशी शेणात गुडघे टेकून त्यानं जबडा धरला, आत्यानं तेल पाजलं, दोघांनी मिळून कूस चोळली आणि फोनवरून कडूबाई दोघांनाही झापत राहिली. दिवस कलता कलता टिकलीनं एक दणदणीत ढेकर दिला, उठली आणि फोनच्या तोंडाशी जाऊन ओरडली. पलीकडं नर्सबाईसुद्धा हसली म्हणे. दुसऱ्या दिवसापासून शेळ्या मोहनरावाच्या हौदावर. वर त्याचा गडी हिरव्या चाऱ्याचे, कडवळाचे भारे टाकून जायला लागला.

कडूबाई बरी होऊन आली, अंगानं निम्मी झालेली, जीभ मात्र शाबूत. फाटक उघडून तिनं शीळ घातली. शेळ्यांनी बघितलं, रवंथ करत राहिल्या. कुंपणाआडून आत्यानं हलकेच भजन धरलं, तर सगळ्या उठल्या.

"बाटवल्यास की गं माज्या शेळ्या," कडूबाई म्हणाली, आणि कितीतरी दिवसांत पहिल्यांदा दोघी पोट धरून हसल्या.

पुढं देवळाचं कुलूप निघालं. पहिल्या रविवारी आत्यानं देवाच्या मुठीचा डबा दाराशी ठेवून मेंढपाळाचं भजन सुरू केलं. दुसरं कडवं सुरू झालं आणि दारात टिकली. तिच्यामागं डोंगरावरून उतरलेला सगळा कळप. पाळकसाहेबांना पुढची ओळ सुचेना. मागून कडूबाई काठी उगारत पळत आली, पण आत गाणं चाललेलं बघून पायरीवरच बसली, शेळ्यांना अडवून. गाणं संपेपर्यंत उठली नाही. उठताना कनवटीची पुरचुंडी सोडून तिनं मूठभर ज्वारी आत्याच्या डब्यात टाकली.

"देवाला दे," ती म्हणाली, "टिकलीला देऊ नको म्हंजे झालं."