तीन तिकिटं, नागपूर ते गोवा

गोव्याला जायचं राहून गेलं, कारण यवतमाळच्या बसस्टँडजवळचा तिकीटवाला लुच्चा निघाला, असं आमच्या घरात पाच वर्षं सांगितलं जात होतं. हे खोटं आहे. ते मी पसरवलं, आणि खोटं असल्याचं मला जवळजवळ सुरुवातीपासून माहीत आहे.

जायचं कोणासाठी होतं, ते आधी सांगतो. माझ्या बायकोची मोठी बहीण राजूरला राहते. नवरा कोळशाच्या खाणीत होता. तो गेल्यापासून ती एकटीच आहे. तिला काचबिंदू झाला. गेलेली नजर परत येत नाही आणि उरलेली वर्षभर टिकली तर टिकली, असं नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. परतताना बसमध्ये ती एवढंच म्हणाली, "मले एकदा समुद्र पाह्याचा होता." बायकोने ते वाक्य मनात धरलं. रेल्वेचा लांबचा प्रवास बहिणीच्या कमरेला झेपणारा नव्हता, म्हणून विमान. आम्ही तिघंही त्याआधी विमानात बसलेलो नव्हतो.

मी नोकरीभर कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. वरचा कापूस पाहून मी कधी प्रत ठरवली नाही. गाडीत कोपरापर्यंत हात घालायचा, तळातला मूठभर कापूस ओढून काढायचा, आणि मग बोलायचं. तळाशी कधी ओला निघे, कधी मातीचा. बहुतेक गाड्या चांगल्याच असत, पण लक्षात राहत त्या दुसऱ्या. पुढेपुढे भाजीच्या टोपलीतही माझा हात आधी तळाशी जाऊ लागला, आणि माणसांशी बोलतानाही मी तेच करू लागलो.

तिकीटवाल्याच्या वडिलांनी माझी स्कूटर वीस वर्षं दुरुस्त केली होती. मुलगा दुकानात झेरॉक्स काढायचा, आधारची कामं करायचा, तिकिटं काढून द्यायचा. मी तिघांची नावं, वयं, फोन नंबर लिहून दिले आणि मेहुणीला कमी दिसतं तेही सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, "चाचा, तिघांचं स्वस्तात भेटून राह्यलं. आत्ताच काढा. संध्याकाळी हा रेट राहत नाही."

आत्ताच घ्या म्हणणारे व्यापारी मी आयुष्यभर पाहिले होते. मी म्हणालो, "पाहतो."

"पाहता पाहता उडून जाते चाचा. विमानच हाय ते."

दुकानातले लोक हसले. मला ते हसणंही ठरवून केल्यासारखं वाटलं.

घरी येऊन मोबाईलवर पाहिलं. संध्याकाळी भाव चढला होता, सकाळी आणखी चढला. आपण पाहतोय हे तिकीटवाल्याला तिकडे कळतं आणि तो वाढवतो, असं मी मनाशी पक्कं केलं. दिवसातून दहा वेळा पाहायचो. बायको म्हणायची, "अहो, काढून टाका ना. तुम्ही काय विमानच विकत घेऊन राह्यले?"

तिसऱ्या दिवशी मी त्याची परीक्षा घेतली. सकाळी दुकानात जाऊन आमचा भाव विचारला. अर्ध्या तासाने, माझ्याच सांगण्यावरून, वणीच्या माझ्या भाच्याने त्याला फोन करून, अनोळखी गिऱ्हाईक बनून, त्याच विमानाचा भाव विचारला. त्याला सांगितलेला आकडा माणशी बराच कमी होता. मला आनंद झाला. खरोखर आनंद झाला, हे लिहून ठेवलं पाहिजे.

मी तडक परत दुकानात गेलो. तिथे तेव्हा सात-आठ माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, "दुसऱ्याले एक भाव अन् मले एक? तुझ्या बापानं कधी लबाडी केली नाही. तू कोणावर गेला?"

त्याचा चेहरा उतरला. त्याने आमच्या तिकिटांच्या हिशेबाचा कागद छापून माझ्या हातात दिला. "घरी जाऊन वाचा चाचा. मंग बोला." मी न वाचता तो खिशात कोंबला. दुसऱ्या दिवशी मैदानावर फिरायला येणाऱ्या पेन्शनरांना सगळी हकीकत मीठमसाला लावून सांगितली. दोघं त्याच्याकडून काश्मीरची तिकिटं काढणार होते. त्यांनी बेत मोडला.

आठवड्याने मी त्याच्याविरुद्ध ग्राहक मंचाकडे तक्रार लिहायला बसलो. पुरावा म्हणून तो कागद उघडला. तीन तिकिटं. तिघांच्या मोठ्या बॅगा. पुढच्या रांगेतल्या जागा. खाली लिहिलं होतं, एका प्रवाशाला कमी दिसतं, विमानतळाच्या दारापासून जागेपर्यंत सोबत माणूस हवा. त्याची स्वतःची मजुरी दोन वेळच्या चहाएवढी. भाच्याला सांगितलेला भाव नुसत्या तिकिटाचा होता, हातातल्या पिशवीसह. मी तळापर्यंत हात घातला होता आणि तळाशी सगळं कोरडं होतं.

तिकिटं तेव्हाही मिळत होती. महाग झाली होती, पण माझ्या पेन्शनला जड नव्हती. फक्त ती काढायला मला त्या दुकानात जावं लागलं असतं, आणि बायकोला खरं सांगावं लागलं असतं. मी तक्रार फाडली आणि घरात म्हणालो, "त्या लुच्च्यापायी आता परवडत नाही." पुढच्या वर्षी बहिणीची नजर पूर्ण गेली.

गेल्या दिवाळीनंतर मी एकटाच राजूरला गेलो. ती ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी सगळं सांगितलं. तिचे हात थांबले नाहीत.

"मले माहीत होतं जवाईबुवा."

"कसं काय?"

"त्या पोराचा फोन आलता तवाच. मावशी, किती दिसते, काठी लागते काय, पायऱ्या चढता येते काय. लुबाडणारा इतकं इचारते काय?"

"मग बोलल्या काहून नाही?"

"बोलून काय करू? माह्या बहिणीले तुमच्यासंग राहाचं होतं." मग तिने चेहरा माझ्याकडे वळवला. "पण आजच काहून सांगून राह्यले? डॉक्टरनं काही सांगतलं काय तुम्हाले?"

नाही म्हणालो. तिला ते पटलेलं दिसलं नाही. मी म्हणालो, अजूनही जाऊ, लाटा ऐकू येतील, पाय पाण्यात बुडवता येतील, मी तिकिटं काढतो.

"कोणासाठी?"

"तुमच्यासाठी."

"माह्यासाठी नाही. तुमच्या जिवाले बरं वाटावं म्हणून मी विमानात बसत नाही. आधी घरी तिले सांगा. मंग त्या पोराले."

बायकोला सांगितलं. आता मी काहीही सांगितलं की ती बहिणीला फोन करून खातरी करून घेते. दुकानात गेलो तेव्हा तिकीटवाल्याने खुर्ची दिली आणि म्हणाला, "कागद वाचला हे मले माहीत होतं चाचा. वाचला नसता तर तुम्ही परत भांडाले आले असते." मैदानावर सांगितलं तर एक पेन्शनर डोळा मारून म्हणाला, "काय हो, किती टक्के देऊन राह्यला तो तुम्हाले?" सगळे हसले. एकानेही विश्वास ठेवला नाही. म्हणून हे लिहून ठेवतो आहे.

राजूरला फोन करून कळवलं, दोघांनाही सांगून झालं.

"त्याचा नंबर द्या मले," ती म्हणाली. "तिकिटाचं मी त्याच्याशीच बोलीन. तुम्ही मधात पडू नका."

मी नंबर दिला. त्यांचं बोलणं किती तिकिटांचं झालं, हे विचारायची माझी हिंमत नाही.