माझ्या आवाजाची कॅसेट

कन्नड मुलखातल्या आमच्या मराठी घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. अप्पा राजाजीनगरच्या एका कारखान्यात लेथवर होते आणि आईला सहीपुरतं लिहिता यायचं. त्यामुळे मानसशास्त्राच्या सरांनी मला त्यांच्या प्रयोगात मदतीला घेतलं, तेव्हा ते म्हणतील ते खरं, एवढंच मला कळत होतं.

प्रयोग मंत्रचळाच्या रुग्णांवर होता. नको तो विचार डोक्यात अडकून बसतो आणि तो घालवायला माणूस हात धूत राहतो, लावलेलं कुलूप पुन्हा ओढून बघतो, तो आजार. सरांची पद्धत अशी होती की रुग्णानं आपला सगळ्यात भीतीचा विचार आपल्या भाषेत, आपल्याच आवाजात कॅसेटवर बोलायचा. मग डोक्याला तारा लावून तीच कॅसेट त्याला ऐकवायची आणि भीती चढताना मेंदूतल्या लहरी कशा बदलतात ते कागदाच्या लांब पट्टीवर उतरवायचं. तारा चिकटवणं आणि नंतर केसांतला चिकटा पुसणं हे माझं काम.

रुग्णांचं ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं, की हे मलाही आहे. तोवर मी स्वतःला वाईट मुलगी समजत होते. आमटी ढवळताना मनात यायचं, मी यात विष टाकलं असलं तर? मग ती ओतून द्यायची, हात धुवायचे, पुन्हा डाळ शिजत घालायची. आई बाहेरून ओरडायची, "अप्पा ताटावर बसलेत गं, अजून किती वेळ?"

धीर करून सरांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "ज्याला तसं करायचं असतं तो इतका घाबरत नाही," ते म्हणाले. "तू पण रेकॉर्डिंग दे. ऐकणार मी एकटा, आणि मला मराठी येत नाही. काम झालं की पुसून टाकू."

मी दिलं. त्या रात्री मला गाढ झोप लागली.

पुढं विभागात चर्चासत्र झालं. सर लहरींचे कागद दाखवत होते. मध्येच म्हणाले, "एक नमुना ऐकवतो. अर्थ कळायची गरज नाही, आवाजातला कंप ऐका."

त्यांनी टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं. "आई जेवतीय," माझा आवाज म्हणाला. "आमटीत मी काहीतरी कालवलंय. ती दुसरा घास घेतीय."

सगळे काही न कळता लक्ष देऊन ऐकत होते. माझ्या वर्गातली बेळगावची मुलगी तेवढी मागं वळून माझ्याकडे बघत राहिली. कॉलेजात ती कन्नडच बोलायची. तिला मराठी येत असेल हे सरांच्या मनातही आलं नसावं.

नंतर मी त्यांच्या खोलीत गेले. "सर, तुम्ही पुसणार होता."

"तुझं नाव घेतलं का मी?"

"आवाज माझा होता."

"इतकी स्वच्छ नोंद दुसऱ्या कुणाचीच नाही," ते म्हणाले. त्यांना खरंच वाटत होतं की ते माझं कौतुक करताहेत. "परिषदेतही हीच ऐकवणार आहे. थोडं समजून घे."

मी दाराकडे वळले. बाहेर ती मुलगी थांबली होती.

"तू खरंच काही करणार नाहीस ना गं?"

"नाही. तो आजार आहे. म्हणजे, त्यात तसं वाटतं फक्त."

"बरं," ती म्हणाली. पण तिची मावशी आमच्याच गल्लीत राहायची.

आईनं मला काही विचारलं नाही. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याखाली नेहमी असायची ती ढेकणांच्या औषधाची बाटली नव्हती. फरशीवर तिचा गोल डाग तेवढा होता. मी फोडणी दिली. आई तांदळाचं सूप मांडीवर घेऊन उंबऱ्याशी बसली होती. निवडत नव्हती. माझ्या हातांकडे बघत होती.