राखेत निवलेलं लोखंड

यमुनाकाकू गेल्याचा निरोप धारूरहून आला, तेव्हा मी दिंद्रुडच्या जिनिंगात इंजिनाला तेल देत होतो. महिना होत आला त्याला. पण काकू आठवली की डोळे भरण्याआधी छातीच फुगते...

काकू लोहाराची बायको. किसनकाका घण मारायचे, ती भाता ओढायची. मी त्यांचा पुतण्या, जिनिंगात फिटर. निजाम सरकारच्या त्या दिवसांत आमच्या भागात वीज म्हणजे जिनिंगातल्या डायनामोची, तेवढीच. एका हंगामात कापसाबरोबर आलेला खिळा सरकी काढायच्या रेच्यात गेला, ठिणगी पडली आणि कापूस पेटला. रेच्यावरची सखूबाई दोन्ही हात भाजून घरी बसली. पुन्हा आग लागली तर जिनिंगला कुलूप, असं मालकांनी बजावलं. सगळ्या रेचेवाल्या बायांची रोजी त्यावर होती. मी मालकांना म्हटलं, लोखंडी दांड्याला तांब्याची तार गुंडाळून वीज सोडली की त्याचा चुंबक होतो. कापूस त्याच्यावरून सरकवू, खिळे तो धरील. वीज तोडली की ते टोपलीत पडतील.

जुन्या मोटारीच्या स्प्रिंगचा दांडा मी काकांकडून घडवून आणला. त्यांनी सवयीनं त्याला पाणी पाजलं होतं, म्हणजे लाल असतानाच पाण्यात बुडवून कडक केलं होतं. खिळे त्यानं झकास धरले, पण वीज तोडली तरी सोडीना. खरवडताना दोन खिळे परत कापसात पडले. मालकांनी आठ दिवसांची मुदत दिली.

तोंड पाडून धारूरला गेलो. काकूनं सगळं ऐकून घेतलं, दांड्यावर कानस फिरवली आणि म्हणाली, "लई कडक हाय हे. धरून सोडायचं काम हाय ना? मग ह्याला पाणी कावून पाजलं?"

मऊ लोखंडाला धार राहत नाही, असं काका म्हणाले.

"धार कुनाला पायजे?"

तिनं बैलगाडीच्या चाकाची जुनी धाव, चाकावरची लोखंडी पट्टी, काढली. काकांनी त्या धावेचा दांडा ठोकला, लालबुंद केला, आणि हळूहळू निवून मऊ व्हावा म्हणून काकूनं तो पाण्याऐवजी गरम राखेत पुरला. दुसऱ्या दिवशी मी उकरायला गेलो तर तिनं हात धरला. त्याचं तो निवू दे, म्हणाली. तिसऱ्या दिवशी दांडा निघाला, आणि त्याच्याबरोबर काकूही दिंद्रुडला आली.

वीज सोडली, खिळे चिकटले. वीज तोडली... आणि सगळे खिळे खडखड टोपलीत! बघायला आलेली सखूबाई, हातांना फडकी बांधलेली, आपल्या रेच्यापाशी जाऊन उभी राहिली. तो हंगाम एकही आग न लागता पार पडला.

पुढे नवा डायनामो बसवायला एक इंजिनियर आले. विलायतेत आता लोखंडात थोडं सिलिकॉन मिसळून पत्रे करतात, ते म्हणाले. चुंबकपणा झटकन घेतात, झटकन सोडतात, म्हणून मोटारी न् ट्रान्सफॉर्मर त्यांचेच बनतात. हे मी काकूला सांगितलं. "मंजी आपलंच की," ती म्हणाली, "त्येंनी नुस्ता मसाला घातलाय."

टोपलीतले खिळे दर हंगामाला धारूरला जायचे. काका-काकू त्यांची खुरपी करून रेचेवाल्या बायांना पाठवायची. परवा सखूबाईच्या रानावरून चाललो होतो. ती तसल्याच खुरप्यानं निंदत होती. मूठ खिळखिळी दिसली. मी म्हटलं, दे, नवं करून आणतो.

तिनं पातं पदरानं पुसलं, क्षणभर हातातच धरून ठेवलं.

"मूठ बदल," म्हणाली. "पातं न्हाई."