नाव नसलेल्या म्हशीचं दूध

आक्काच्या हातात कोऱ्या चहाचा कप नाही, असं मी कधी पाहिलं नाही. एका हाताने म्हशींपुढे पेंड टाकायची, दुसऱ्यात कान तुटलेला कप. दिवसातून दहा-बारा वेळा. ही माझी थोरली बहीण. नवरा गेल्यावर हडपसरला आमच्याकडे परत आली आणि गोठा तिने अंगावर घेतला. दूध सगळं नव्या सोसायट्यांत रतिबाला जायचं. त्याआधी एक पेला धारोष्ण मला. तिच्या चहात मात्र थेंब नाही.

"आक्का, घोटभर घाल की."

"गिऱ्हाइकाचं हाय ते. तू पी, क्यान तुला उचलायचीय."

मी प्यायचो. त्यात काही वावगंही वाटलं नाही, खरं ते सांगतो.

पुढे आमच्या रानात काचेच्या इमारतीची कंपनी उभी राहिली. म्हशी विकल्या, घरात पिशवीचं दूध आलं. आक्काने ती पिशवी मेलेल्या उंदरासारखी दोन बोटांत धरली.

"कुठल्या म्हशीचं? नाव सांग तिचं."

मी पिशवीवरचं डेअरीचं नाव वाचून दाखवलं.

"मग मी न्हाई पिणार."

चहा कोराच राहिला.

एकदा मोरीत पाय घसरून नुसती बसली, तर मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई पोरसवदा, पण नीट बोलल्या. "आजी, हाडं ठिसूळ झालीत. चहा दोन कपांवर आणा. दूध, नाचणी पोटात जाऊ द्या."

आक्का म्हणाली, "बाई, जन्म दुधातच गेला माझा."

खोटं नव्हतं ते.

पडेल भाव सांगणाऱ्या जमिनीच्या दलालांना मी दारातून हाकललं आहे. माझ्यापुढे आळीत कुणी आवाज चढवत नाही. पण मी चहाची पूड लपवली, तर आक्काने शेजारणीकडून मागून आणली. मग खुबा मोडला आणि ती अंथरुणावरून उठलीच नाही.

ती जाण्याआधीच्या आठवड्यात मी सायकलवर शेजारच्या मांजरी गावाला गेलो. एका गोठ्यात समोर उभं राहून धार काढून घेतली आणि म्हशीचं नाव विचारून आलो.

"आक्का, सुंदरीचं हाय."

तिने वास घेतला. एक घोट घेतला, जिभेवर फिरवला. "सरकी खाती म्हस. चांगलं हाय." आणि पेला माझ्याकडे सरकवला. "मला न्हाई जात आता. तू पी."

"आक्का, तुझ्यासाठी आणलंय गं."

"पी म्हणते ना. तुझी हाडं सांभाळ."

पेला तिच्या ओठांना लावला, तिने तोंड फिरवलं. पुन्हा लावला, पुन्हा फिरवलं. मग ती माझ्याकडे बघत राहिली, पूर्वी गोठ्यात बघायची तशी, पेला रिकामा होईपर्यंत.

मी प्यालो. सगळं.