तो माझा स्वभाव नव्हता

"थायरॉइड आहे," डॉक्टर म्हणाले. माझ्याकडे बघून नाही, माझ्या यजमानांकडे, मोहनकडे बघून. "सकाळी रिकाम्या पोटी एक गोळी. चुकवायची नाही." मग घंटी वाजवून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

एवढ्यात माझं निदान झालं. माझी मुलगी पुट्टी मांडीवर होती. विचारायचं पुष्कळ होतं, पण मोहन उठले होते आणि दारात दुसरी बाई उभी होती. डॉक्टरांना प्रश्न विचारायची आमच्या घरी कोणाला सवय नाही. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून कॉलेजात जाणारी मी पहिली. तरी तिथं माझं तोंड उघडलं नाही.

हे मी लिहावं की नाही, असं खूप दिवस वाटत होतं. मी काही डॉक्टर नाही, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी मराठी बोलत असलो तरी शाळा कन्नडमधून झाली, त्यामुळे लिहिताना कुठं चुकेन. पण लहान लेकरू असलेली, सगळं विसरणारी, सारखी ओरडणारी एखादी बाई तुमच्याही घरात असेल, तिच्यासाठी लिहिते.

आमचं घर म्हैसूरमध्ये. तीन पिढ्यांचा शिवणकामाचा धंदा. पुढच्या खोलीत सासूबाईंची मशीन, मागे आम्ही राहतो. सासूबाईंना मी अत्ते म्हणते, इथं तसंच म्हणतात. मोहन कडकोळच्या कारखान्यात कामाला जातात. अत्ते ब्लाउज शिवतात. हूक लावणं, अस्तर कापणं, साडीच्या पदराला गोंडे बांधणं, म्हणजे इथलं कुच्चूचं काम, हे सगळं माझ्याकडे. सांगणं सगळं तोंडी. एकीकडे कुकर, एकीकडे पुट्टी, आणि पुढून आवाज येत राहतो: हिरव्या ब्लाउजची बाही अर्धा इंच कमी कर, जयम्मांचं अस्तर भिजव, इस्त्री लाव. अकरापर्यंत हे सगळं डोक्यात धरून मी कॉलेजला पळायची.

पुट्टी दीड वर्षाची झाल्यानंतर हे धरणं सुटायला लागलं. मी स्वयंपाकघरात जायची आणि कशाला आले ते आठवायचं नाही. थंडी वाजायची, केस गळायचे, दुपारी अंग उचलत नसे. आणि राग यायचा. पुट्टीनं एकदा हुकांची डबी गिऱ्हाइकासमोर पालथी केली. मी तिच्या पाठीत दोन धपाटे घातले. हात आधी गेला, विचार नंतर आला. त्या बाई म्हणाल्या, असू दे गं, लेकरूच ते. अत्ते म्हणाल्या, "हिचा स्वभावच तसा आहे. कालेजाला जाऊन डोकं तिकडंच ठेवून येते."

स्वभाव. या शब्दाचा मला अजून संताप येतो. शेजारच्या काकांचे गुडघे दुखतात तर तो आजार. माझं डोकं चालत नाही तर तो स्वभाव.

गोळी सुरू झाली. मी एकही दिवस चुकवली नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. टीएसएच म्हणून एक आकडा असतो. मेंदूच्या तळाशी असलेली ग्रंथी गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला काम कर म्हणून हुकूम सोडते, तो हा टीएसएच. गळ्यातली ग्रंथी ऐकेनाशी झाली की हुकूम वाढत जातो, म्हणून आकडा वाढतो. माझा जरासाही उतरला नव्हता. डॉक्टरांनी गोळी वाढवली. पुन्हा तपासणी, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी ते चिडले आणि मोहनना म्हणाले, "या बाई गोळ्या घेत नाहीत. लक्ष ठेवा."

मोहन माझ्यावर लक्ष ठेवायला लागले. रोज सकाळी समोर उभे राहून, शाळेतल्या मास्तरांसारखे. मी गोळी तोंडात टाकायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. आता सांगताना हसू येतं, तेव्हा लाजेनं मरायला व्हायचं.

मग ते औषधाचं झालं. पुट्टीला ताप होता. मी तिला तापाचं औषध पाजलं. पुढून हाक आली, गिऱ्हाइकाचं माप घ्यायचं होतं. परत आले तर बाटली समोर होती आणि पाजल्याची माझ्या डोक्यात काही खूणच नव्हती. मी पुन्हा पाजलं. मोहननी दोन्ही वेळा बघितलं, म्हणून कळलं. आम्ही रिक्षा करून दवाखान्यात पळालो. तिथं म्हणाले, घाबरू नका, एवढ्यानं काही होत नाही, नजर ठेवा. काही झालं नाही.

पण दुसऱ्या दिवशी सोसले गावाहून शांतक्का आल्या. या माझ्या मोठ्या नणंद, त्यांची मुलं मोठी झाली आहेत. त्या भांडल्या नाहीत, प्रेमानंच म्हणाल्या, "तुला बरं वाटेपर्यंतच गं. माझ्याकडं अंगण आहे, गाय आहे. लेकरू जिवंत तरी राहील." पुट्टीचे फ्रॉक मीच पिशवीत भरले. घरात कोणी म्हणालं नाही की बाई आजारी आहे, तिची कामं काढून घेऊ. लेकरूच काढून घेतलं. कुच्चूचं काम मात्र माझ्याकडेच राहिलं.

कॉलेजातल्या एका मॅडमनी मला मोठ्या सरकारी इस्पितळात जायला सांगितलं. नंबर लावून सकाळभर बाकावर बसले. या वेळी मी एकटी गेले होते.

आतल्या डॉक्टर बाई माझ्याच आसपासच्या वयाच्या असतील. त्यांनी जुने कागद बघितले, मग ते बाजूला ठेवून कन्नडमध्ये विचारलं, "गोळी कशी घेता ते सांगा. उठल्यापासून सगळं सांगा."

मी म्हटलं, रिकाम्या पोटीच घेते, मॅडम. उठते, तोंड धुते, कॉफी घेते, मग गोळी. त्यानंतर आंघोळ होईपर्यंत काही खात नाही.

"कॉफीबरोबर?"

"हो. कॉफीनंच गिळते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "कॉफी पोटात गेली की ही गोळी अंगाला नीट लागत नाही. इतके महिने तुमचं औषध बरंचसं वाया गेलं."

आमच्याकडे कॉफी हे खाणं नाही. आम्ही विठ्ठलाचे लोक, घरात महिन्याच्या दोन्ही एकादशा असतात. अत्ते त्या दिवशी फक्त पाणी घेतात, आणि कॉफी. कॉफीनं उपास मोडत नाही, मग पोट भरेल कसं? मोहन रोज समोर उभे राहून बघायचे ते हेच, उजव्या हातात गोळी, डाव्या हातात कॉफीचा लोटा. त्यांनाही काही वावगं दिसलं नाही. आणि ज्या डॉक्टरांनी तीनदा रक्त तपासलं, त्यांनी एकदाही विचारलं नाही, बाई, तुम्ही ती गिळता कशानं?

मी खोटारडी ठरले. माझं लेकरू सोसल्याला गेलं. एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो?

डॉक्टर बाईंनी मला मानसशास्त्र विभागातही पाठवलं. तिथल्या बाईंनी आकडे म्हणून दाखवले आणि उलटे म्हणायला सांगितले. चार आकड्यांवर मी अडकले. मग पत्ते दाखवले. त्यावर कन्नडमध्ये 'हिरवा' लिहिलेलं, पण अक्षरं लाल. वाचायचं नाही, रंग सांगायचा. माझं तोंड सारखं वाचूनच मोकळं व्हायचं.

त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगते. वर्किंग मेमरी म्हणजे हातातलं काम संपेपर्यंत गोष्ट डोक्यात धरून ठेवायची ताकद. पत्त्यांनी बघतात ती दुसरी ताकद, आधी थांबायची. हात उचलायच्या आधी, ओरडायच्या आधी. अशा सगळ्या ताकदींना मिळून एक्झिक्युटिव्ह फंक्शन्स म्हणतात. लहान मूल सांभाळायला सगळ्यात जास्त लागतात त्या याच, कारण दोन वर्षांच्या लेकराकडे त्या अजून नसतात, आईला दोघींचं सांभाळावं लागतं. थायरॉइडनं त्या मंदावतात. झोप नसली, मनावर ताण असला तरी मंदावतात. मग आई चुकते, चुकली की बोलणी खाते, त्यानं ताण वाढतो आणि ती आणखी चुकते.

"थायरॉइडला गोळी आहे," त्या म्हणाल्या. "ताणाला मी गोळी देणार नाही. घरातलं ओझं उतरवा."

त्या दिवसापासून गोळी पाण्यानं, आणि कॉफी तासाभरानं. दीड महिन्यानं टीएसएच पहिल्यांदा उतरला. पुढच्या वेळी आणखी उतरला. वर्गात ऐकलेलं वाक्य वहीत लिहीपर्यंत टिकायला लागलं. मी मोहनना म्हटलं, आता पुट्टीला आणू या. ते म्हणाले, अक्काला विचारतो. अत्ते म्हणाल्या, "एवढा लग्नाचा सीझन होऊ दे. आम्ही चार लेकरं मशीनवर बसून वाढवली, आम्हाला कुठं थायरॉइड झाला?"

मी नेहमी खाली बघून बोलते. त्या दिवशीही खालीच बघत होते, पण बोलले. "अत्ते, तुमच्या वेळी लेकराला घ्यायला तुमच्या सासूबाई होत्या, जाऊबाई होत्या. मला कोण आहे?" मोहनना सांगितलं की पुट्टी आली की सकाळचं तिचं सगळं त्यांनी करायचं, कारखान्याची बस येईपर्यंत. आणि ती जागी असेपर्यंत मी शिवणाचं काम घेणार नाही. अत्ते मशीनवरून उठून आत गेल्या. मोहन म्हणाले, "एवढं चिडायला काय झालं?" मी चप्पल घातली आणि बसस्टँडला गेले.

सोसल्याला पोचले तर पुट्टी अंगणात गाईला गवत दाखवत होती. मला बघून ती शांतक्कांच्या मागे गेली. मी पायरीवर बसले. हाक मारली नाही. दुपार अशीच गेली. शांतक्कांनी जेवायला वाढलं, मग हळूच विचारलं, "आता राग येत नाही ना तुला?"

"येतो, अक्का. खूप येतो. पण पुट्टीवर नाही येत."

त्या आत गेल्या आणि पुट्टीचे फ्रॉक घडी करायला लागल्या. त्यांनी तिला खरंच चांगलं सांभाळलं होतं, हे मला मान्य आहे. मी तसं त्यांना म्हटलंही. इस्पितळातल्या डॉक्टर बाईंचे मात्र आभार मानायचे राहूनच गेले, ते इथं मानते.

परतताना नरसीपूरला बस बदलली. पुट्टी खिडकीशी बसली होती. मी तिला पाण्याची बाटली दिली आणि बसनं गचका दिल्यावर सगळं पाणी माझ्या साडीवर सांडलं. ती हलली नाही. रडलीही नाही. कोपर डोळ्यांपर्यंत वर घेतलं आणि त्याखालून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

अडीच वर्षांचं लेकरू आईचा चेहरा असा वाचतं. हे माझ्या रक्ताच्या कुठल्याही रिपोर्टात आलेलं नाही, आणि माझी गोळी सुरू असताना त्या पहिल्या डॉक्टरांनी, अत्तेंनी, मोहननी मिळून जे महिने घालवले, त्यात ती हे शिकली.

मी पदर पिळला. म्हटलं, पाणी सांडलं, सुकेल. तिनं कोपर खाली घेतलं नाही. मी नुसता तळवा वर करून हात माझ्याच मांडीवर ठेवला, तिला दिसेल असा. वरुणा गाव येईपर्यंत ती माझ्याकडेच बघत होती. मग तिनं बाहेर बघितलं, आणि तिकडेच बघत बघत रिकामी बाटली माझ्या हातात दिली.