मरोळच्या मैदानावरची प्रवेशबंदी

शिस्तपालन समितीत आम्ही तिघंच, मीटिंगही अधूनमधून. तरी चहाला बसलो की किस्से संपत नाहीत. भांडण एका रविवारचं असतं, पण सांगणारे इतके, की पुढच्या रविवारपर्यंत त्याची चार भांडणं झालेली असतात. म्हणून म्हटलं, स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं तेवढं तरी सांगून टाकावं.

मरोळला आमच्या कॉलनीमागे मैदान आहे. रविवारी सकाळी तिथे आसपासच्या कॉलन्यांची फुटबॉल लीग चालते. समितीचे अध्यक्ष सावंतकाका, मूळ मालवणकडचे, कारखान्यातून फोरमन म्हणून रिटायर झालेले. दुसरे केळकर वकील. तिसरा मी. मला घेतलं, कारण मी वेळेवर येतो.

एका रविवारी घाडी नावाच्या प्रेक्षकाने पंचाच्या डोक्यावर कोकम सरबत ओतलं. पंच आमचा पीटर, मढचा, स्वभावाने गरीब. त्याने चेहरा पुसला, मॅच पूर्ण केली आणि मग शांतपणे सांगितलं, की यापुढे एकतर हे लोक येतील नाहीतर मी.

केळकरांचा भाचा इंग्लंडमध्ये असतो. तिथे म्हणे गोंधळ घालणाऱ्या प्रेक्षकांसाठी कायदाच आहे. कोर्ट मैदानबंदी घालतं, मॅचच्या वेळी पोलीस ठाण्यात हजेरी लावायला लावतं, टीम परदेशात खेळणार असेल तर पासपोर्टही जमा करून घेतं. केळकरांना हे सगळं आपल्याकडे हवं होतं.

सावंतकाकांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हंय पासपोर्ट कोणाकडे आसा? रेशनकार्ड घेवचा काय?"

पासपोर्ट सोडून बाकीचा नियम मंजूर झाला. पहिली बंदी अर्थातच घाडीवर.

*

घाडी मैदानाला लागून असलेल्या बिल्डिंगमध्ये राहतो, तिसऱ्या मजल्यावर. पुढच्या रविवारी तो गॅलरीत उभा. पूर्वी त्याचा आवाज अर्ध्या मैदानाला ऐकू जायचा, आता पूर्ण मैदानाला जायला लागला.

गॅलरी ही मैदानात धरायची का, यावर केळकरांनी आठवडाभर विचार केला आणि धरता येत नाही असं मत दिलं. मग सावंतकाका स्वतः समजूत काढायला वर गेले. हाफटाइम झाला, दुसरा हाफ सुरू झाला, काका खाली येईनात. मॅच संपल्यावर आले ते ओठाला लागलेले पोहे पुसत.

आम्ही विचारलं, काय ठरलं?

काका म्हणाले, "वरसून ऑफसाइड एकदम बरोबर दिसता."

*

मग हजेरीचं कलम वापरायचं ठरलं. पोलीस ठाणं आमच्यासाठी कोण उघडं ठेवणार, म्हणून बंदी असलेल्याने मॅच संपेपर्यंत आमच्या ऑफिसात बसायचं. मे महिना होता. बाहेर प्रेक्षक डोक्यावर रुमाल टाकून उन्हात उभे, आणि घाडी ऑफिसात पंख्याखाली. बसलेल्या माणसाला चहा न विचारणं सावंतकाकांना जमत नाही, त्यामुळे चहाही.

दोन रविवार हे लोकांनी बघितलं. तिसऱ्या रविवारी मॅचच्या आधी एक गृहस्थ पीटरकडे आले आणि अगदी नम्रपणे विचारू लागले, शिवी आत्ताच दिली तर चालेल का, की मॅच सुरू व्हायला हवी.

*

गेटवर बंदी असलेल्यांचे फोटो लावून बघितले. तासाभरात घाडीचा फोन आला. आम्हाला वाटलं, बदनामीची तक्रार. तसं काही नव्हतं. हा फोटो जुना आहे, आता मिशी काढलीये, नवीन पाठवतो म्हणाला.

*

आमची सगळ्यात अवघड केस सुर्वेकाकू. शाळेत गणित शिकवायच्या. मुलगा निखिल आमच्या कॉलनीचा गोलकीपर. काकूंनी आयुष्यात शिवी दिली नसेल, पण वर्षानुवर्षं निखिलच्या विरुद्ध निर्णय गेला की त्या पीटरला वर्गात उभं केल्यासारखं बोलायच्या. एकदा तर थेट मैदानात शिरल्या आणि बॉल नक्की कुठे होता ते छत्रीच्या टोकाने रेघ मारून दाखवलं. मैदानात शिरणं म्हणजे नियमभंग. सीझनभर बंदी.

सुनावणीत केळकरांनी पीटरला विचारलं, बाई नेमकं काय म्हणाल्या? पीटर मान खाली घालून म्हणाला, "मॅडम म्हणाल्या, चष्मा घरी विसरलास, मग शिटी कशाला आठवणीने आणलीस?"

केळकर खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले.

*

काकूंनी बंदी पाळली. ऑफिसातही त्यांना बसवलं नाही, कारण त्या घरी थांबेन म्हणाल्या आणि त्यांच्या शब्दावर शंका घ्यायची आमची हिंमत नव्हती. त्यांनी सुर्वेकाकांना फोन देऊन मैदानावर पाठवलं. काकांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. मी शेजारीच उभा होतो. ते फोनवर सांगत होते, की एक लाल शर्टवाला पडलाय. आता उठला. पलीकडून विचारणा झाली असणार, कारण काका म्हणाले, "निखिल ना? उभा आहे. नाही, काही करत नाहीये. जेवलाय ना सकाळी?"

*

सीझन संपत आला तेव्हा समितीकडे दोन अर्ज आले. निखिल म्हणाला, आईची बंदी पुढच्या वर्षीही चालू ठेवा. आई नसते तेव्हा मला फक्त बॉल दिसतो. हे बोलताना त्याला रडू येईल की काय असं वाटत होतं. आणि पीटर म्हणाला, बंदी उठवा. का, ते काही केल्या सांगेना. एवढंच म्हणाला, की हल्ली निर्णय चुकला तरी कोणी नीट सांगत नाही, मॅच संपल्यावर घरी जाऊन झोप लागत नाही.

सावंतकाकांनी मधला मार्ग काढला. काकूंनी फायनलला यायचं, पण तोंडातून शब्द काढायचा नाही.

काकू आल्या. खुर्चीवर पर्स मांडीत घेऊन बसल्या. निखिल सारखा तिकडे बघत होता, पण त्या बोलल्या नाहीत. एक-शून्यने आम्ही पुढे. शेवटची काही मिनिटं राहिली असताना समोरचा स्ट्रायकर एकटा आत घुसला आणि गोलपाशी पडला. पीटर मागे राहिला होता, त्याला काही दिसलं नाही. त्याने खेळा म्हणून हात केला. प्रेक्षकांनाही काही कळलं नव्हतं.

काकू उभ्या राहिल्या. "पीटर, पेनल्टी आहे. निखिलने पाय ओढला त्याचा."

पीटरने काकूंकडे बघितलं, मग निखिलकडे. निखिलने मान खाली घातली. पीटरने शिटी मारून पेनल्टी दिली.

स्ट्रायकरने बॉल ठेवला. निखिल गोलमध्ये उभा, पण नजर बॉलवर नव्हती, आईवर होती. काकूंनी हळूच डावा कान पकडला. निखिलने डावीकडे झेप घेतली आणि बॉल अडवला.

फायनल जिंकलो. समोरच्या टीमने लगेच तक्रार केली, की बाईंनी खूण केली. समिती तिथेच मैदानावर बसली. सावंतकाकांनी शक्य तितक्या कडक आवाजात विचारलं, "बाई, कान कित्याक धरलात?"

काकू पीटरकडे बघत म्हणाल्या, "माफी मागत होते ह्याची. इतकी वर्षं राहूनच गेली होती."