दुसरी हाक

ते आमच्या फाटकाशी उभे राहायचे, एक हाक मारायचे आणि गप्प व्हायचे. कडीवर हात, मान जराशी वर, नजर आमच्या खिडकीवर नाही तर शेजारच्या भिंतीवर. एखादा श्वास घ्यावा इतकं थांबून मग दुसरी. "जुई... ए जुई." या दुसऱ्या हाकेलाच ओ द्यायची, असा त्यांचा नियम होता. पहिलीला कुणी ओ दिली तर त्यांना राग यायचा.

"पहिली कुनाची बी असू शकती," ते म्हणायचे. "दुसरी आली की समजायचं, मानूस हाय. त्याला दुसरी मारता येत नाय."

'त्याला' म्हणजे कुणाला, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. काही प्रश्न विचारले की उत्तर मिळतं, ही भीती मला लहानपणापासून आहे.

पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत ते समोरच्या घरात राहत. पोलिसात हवालदार होते. आमच्याकडची जुनी माणसं हवालदाराला जमादार म्हणतात, म्हणून गल्लीला ते जमादारकाका. मूळचे सोयगावकडचे, घरी कापसाची शेती, ती धाकटा भाऊ बघायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते आणि काकू, आणि दुपारी दोरीवर वाळणारा खाकी शर्ट. गणवेशातला माणूस रस्त्यात दिसला की आपण नकळत सावरून चालतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. वाळणाऱ्या गणवेशासमोरूनही मी तशीच चालायचे.

मी इंग्रजी शाळेत जायचे. हजेरीला 'प्रेझेंट', हाकेला 'येस'. एकदा त्यांच्या दुसऱ्या हाकेला मी खिडकीतून येस म्हटलं. ते फाटक उघडून थेट ओट्यावर आले आणि माझ्यासमोर बसले.

"येस म्हंजी व्हय. मी काय विचारलं का तुला? मी हाक मारली. हाकेला ओ असती."

मग त्यांनी माझ्याकडून ओ म्हणवून घेतली. माझा आवाज मुळात बारीक. त्यांनी कानाला हात लावून ऐकलं आणि म्हणाले, "ही काय पार्सलनं पाठवली का? लई लांबून यायली." आई आतून हसली. मला हसू आलं नाही, पण त्या दिवसापासून मी ओ देते. ऑफिसमध्ये कुणी नावानं बोलावलं तरी तोंडून आधी ओ निघते आणि सगळे वळून बघतात.

त्यांच्या ठाण्याच्या हद्दीत हर्सूलचा तलाव यायचा. तलावात कुणी गेलं की काकांना पाठवायचे, कारण बाकीचे ते काम टाळत. एकदा बाबांबरोबर त्या बाजूनं येताना आम्हाला काठावर गर्दी दिसली, म्हणून बाबांनी गाडी थांबवली. काका पाण्याच्या कडेला उभे होते. बूट काढून बाजूला जोडीनं ठेवलेले, जणू देवळात आले आहेत. अग्निशमन दलाचे लोक दोर घेऊन मागं थांबलेले. काकांनी पाण्याकडे बघून एक नाव घेतलं. थांबले. पुन्हा तेच नाव घेतलं. पाणी अगदी सपाट होतं. गर्दीत कुणी खोकलंसुद्धा नाही. मग काकांनी मान हलवली आणि मागच्या लोकांनी दोर सोडला.

त्या माणसाला बाहेर काढलेलं मी पाहिलं नाही, बाबांनी गाडी सुरू केली. पण ती दोन हाकांच्या मधली शांतता मला पुरली. त्या शांततेत काठावरचे आम्ही सगळे कुणीतरी ओ देईल म्हणून थांबलो होतो. आणि दिली तर काय, या भीतीनंही.

पुढं एका संध्याकाळी धीर करून मी त्यांना विचारलंच, की बुडालेल्या माणसाला हाक का मारायची, त्याला थोडीच ऐकू येणार आहे.

ते ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. "दोन हाका मारायच्या," ते म्हणाले. "ओ नाय आली, तर गेला. तवर तो मेलेला नसतो. तवर तो नुसता पान्यात असतो."

"आणि नाव माहीत नसलं तर?"

"तर अहो म्हनायचं."

काकू आतून म्हणाल्या, "व्हय, आमचाच धंदा शिकलेत."

काकूंनी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. अहो, नाहीतर 'आमचे हे', नाहीतर नुसतंच 'इकडं बघा'. त्यांचं नाव मला दारावरच्या पाटीवर वाचूनच कळलं. ठाण्यात त्यांना आडनावानं बोलावत, गल्लीत जमादार म्हणत, गावाकडे दादा. इतकं मोठं माणूस, आणि नाव कुणाच्या तोंडात नाही. ते नाव पाटीवर ऊन खात बसलेलं असायचं.

मी दहावीत होते त्या वर्षी पाऊस खूप झाला. तलाव भरला, सांडव्यावरून पाणी खाम नदीत जाऊ लागलं आणि ते बघायला शहर लोटलं. काकांचा तिथं बंदोबस्त होता. दुपारी कॉलेजची दोन मुलं पोहायला उतरली आणि सांडव्याकडे ओढली जाऊ लागली. काका उतरले. एकाला त्यांनी ओढून काठावर आणलं. वळून बघतात तर दुसरा दिसेना.

त्यांनी हाक मारली. नाव माहीत नव्हतं, म्हणून 'ए पोरा' म्हणाले. थांबले. पुन्हा मारली. ओ आली नाही. मग ते परत पाण्यात गेले.

दुसरा मुलगा तेव्हा पाण्याबाहेर होता. पलीकडच्या गवतात दबून बसला होता. त्यानं दोन्ही हाका ऐकल्या होत्या. नंतर त्यानं सांगितलं, "पोलीस मारतील म्हणून गप बसलो."

हे वाक्य संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत आलं. पुरुष चिडले, त्या मुलाला चार शिव्या झाल्या. काकू एवढंच म्हणाल्या, "भ्यालं लेकरू." मला तेव्हाही त्या मुलावर रागावता आलं नाही. कुणी मोठ्यानं बोलावलं की जागच्या जागी दगड होणारी माणसं असतात. मी त्यांतलीच आहे.

काका सापडले नाहीत. तलावात दोर फिरले, होड्या फिरल्या, खालच्या अंगाला नदीत शोध झाला. पट्टा सापडला, काका नाही. काकू रोज काठावर जाऊन बसायच्या. आई त्यांच्याबरोबर असायची, शाळा सुटली की मीही जायचे. पोलीस, गल्लीवाले, गावाकडून आलेला भाऊ, सगळे पाण्याकडे तोंड करून ओरडायचे. जमादार. दादा. काका. साहेब.

त्यांच्या हाताखालचा एक शिपाई होता, नेहमी त्यांच्याबरोबर काठावर येणारा. तो काकूंपाशी येऊन बसला आणि खाली मान घालून म्हणाला, की त्यांची रीत अशी नव्हती. ते नाव घेऊन हाक मारायचे. आपण त्यांना नावानं बोलावलंच नाही.

हे खरं होतं. पण नाव घेणार कोण? नवऱ्याचं नाव काकू घेणार नाहीत. थोरल्याचं नाव भाऊ घेणार नाही. शिपायाची जीभ रेटेना. काकूंनी एकेकाकडे पाहिलं आणि नजर माझ्यावर येऊन थांबली.

"तू मार, जुई," त्या म्हणाल्या. "तुमच्या इंग्रजीत मोठ्या मानसाला बी नावानंच बोलावत्यात ना? तुला चालतं."

माझ्या शाळेत मोठ्यांना नावानं बोलावत नाहीत, सर आणि मिस म्हणतात. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. आईनं माझ्या पाठीवर हात ठेवला. मी पुढं गेले आणि पाटीवरचं ते नाव घेतलं. माझा आवाज पाण्यावर फार लांब गेला नसेल. तरी काठावरची माणसं जागच्या जागी थिजली. पाण्यावर पावसाची भुरभुर होती. पलीकडच्या गवतात काहीतरी हललं आणि थांबलं.

मी दुसरीसाठी श्वास घेतला. काकूंनी माझं मनगट धरलं.

"बास," त्या म्हणाल्या. "दुसरी नको."

शिपाई काही बोलायला गेला. काकूंनी मान हलवली. त्यांचा हात गार होता आणि त्यांनी माझं मनगट बराच वेळ सोडलं नाही. तेव्हा मला कळलं. एका हाकेला ओ नाही आली तर काहीच ठरत नाही. तवर तो नुसता पाण्यात असतो.

खात्यानं त्यांना मृत धरलं. ठाण्यात त्यांच्या तसबिरीला हार लागला, मानवंदना झाली. घरातल्या तसबिरीला हार नव्हता. काकू कुंकू लावत राहिल्या. भाऊ दर काही महिन्यांनी सोयगावहून यायचा आणि तेच सांगायचा: देह नसला तरी विधी करता येतो, दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, नाव-गोत्र उच्चारतात, माणूस सुटतो. काकू त्याला जेवायला वाढायच्या आणि विषय बदलायच्या.

गल्लीची पंचाईत संक्रांतीला व्हायची. हळदीकुंकवाला काकूंना बोलवावं की नाही, बायकांना कळेना. बोलावलं तर अशुभ, नाही बोलावलं तर त्यांचा अपमान. शेवटी त्यांनी वाट काढली. फाटकाशी जाऊन एकच हाक मारायची. काकू नियमाप्रमाणे ओ द्यायच्या नाहीत. घरात कुणी नाही असं समजून बायका परत फिरायच्या. दोन्हीकडची लाज राहायची. मी हे खिडकीतून पाहिलेलं आहे: फाटकाबाहेर हळदीकुंकवाचं तबक घेतलेली बाई, आणि आत, जाळीच्या दारामागं, न हलता उभ्या असलेल्या काकू.

आणि एक गोष्ट आहे, ती मी लिहावी की नाही यावर बरेच दिवस घातले. त्या वर्षांत आमच्या गल्लीत भर दुपारी एकेकटी हाक ऐकू यायची. मला एकदा आली. घरात मी एकटी होते, गल्लीत ऊन होतं, कुत्रीसुद्धा सावलीला गेली होती. फाटकाकडून कुणीतरी 'जुई' म्हटलं. आवाज ओळखीचा होता असं मी म्हणणार नाही. अनोळखी होता असंही म्हणता येत नाही. मी खुर्चीत बसून दुसरीची वाट पाहिली. आली नाही. आईला संध्याकाळी सांगितलं. ती म्हणाली, तिलाही येते. कुरिअरवाले तक्रार करतात, की या गल्लीत दोनदा ओरडल्याशिवाय कुणी दार उघडत नाही. त्यांना कारण कुणी सांगत नाही.

यंदा उन्हाळ्यात काकूंनी मला बोलावून घेतलं. त्या थकल्या आहेत, गुडघे दुखतात. भावजी परत येऊन गेले होते आणि या वेळी ते रागावले नव्हते, रडले होते, असं त्यांनी सांगितलं. दादाला असं लटकत ठेवू नका वहिनी, म्हणाले.

"मला बी ऐकू येती," काकू म्हणाल्या. "रोज येती. एकच. मी काय करू, सांग. ओ देता येत नाय, अन् झोपता येत नाय."

लटकलेले दोघंही होते, ते पाण्यात आणि या काठावर.

"गाडी काढ," त्या म्हणाल्या. "दुसरी मारून टाक."

आम्ही दुपारीच गेलो. तलाव आटला होता. कडेचा गाळ वाळून भेगाळला होता आणि पाणी आत, बरंच लांब, डोळे मिटल्यासारखं पडलं होतं. म्हशी होत्या, राखणारा दिसत नव्हता. काकूंनी चपला काढल्या. भेगांवरून पाय टाकत, माझ्या खांद्याचा आधार घेत, त्या जमेल तितक्या पुढं आल्या.

"मार," त्या म्हणाल्या. "जोरात मार. पार्सलनं नको."

मी ते नाव घेतलं. इतक्या मोठ्यानं मी आयुष्यात काही बोललेले नाही. म्हशींनी माना वर केल्या. नाव पाण्यावरून पलीकडे गेलं, आणि मग ती शांतता आली. मला वाटत होतं तशी ती रिकामी नव्हती. ती ऐकत होती. मला पाठीमागं बघायचं धैर्य झालं नाही.

आणि तेवढ्यात, अगदी माझ्या कानाशी, कुणीतरी म्हणालं, "ओ."

काकू होत्या. त्यांनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला होता. दारावर कुणी नवऱ्याच्या नावानं हाक मारली की घरातली बाई हातातलं काम सोडून जशी म्हणते, तशाच त्या सहज, सवयीनं म्हणाल्या, "ओ... नाहीत ते."

म्हणाल्या आणि थांबल्या. हात तोंडाशी गेला. मग पाण्याकडे बघत त्यांनी तेच एकदा, हळू, स्वतःला ऐकू येईल इतकंच, म्हणून पाहिलं.

"नाहीत."

एक म्हैस पाण्यातून उठून काठाला आली. काकूंनी पदराच्या टोकानं चेहरा पुसला, कुंकवाच्या जागेला मात्र हात लावला नाही.

"भावजींना फोन लाव," त्या म्हणाल्या. "म्हनावं, भटजींना विचारून घ्या. अन् या."